०२० की ०२०७? लंडनच्या फोन नंबरांचा न सुटलेला घोळ

लंडनच्या रस्त्यांवर दुकानांच्या पाट्या, प्लंबरच्या व्हॅन आणि घरविक्रीचे फलक बघत गेलं, की फोन नंबर बऱ्याचदा असा लिहिलेला दिसतो: ०२०७ ९४६ ०१२३. हे चूक आहे. अंक सगळे बरोबर आहेत, क्रमही बरोबर आहे, मोबाइलवरून लावला तर फोनही लागेल. तरी चूक, कारण लंडनचा कोड ०२०७ नाही, तो ०२० आहे. मधला ७ हा कोडचा शेवटचा अंक नसून पुढच्या नंबराचा पहिला अंक आहे. नंबर लिहायचा तो असा: ०२० ७९४६ ०१२३. (०२० ७९४६ ०००० ते ०९९९ हे नंबर ब्रिटिश नियामकाने नाटक-सिनेमांत वापरण्यासाठी राखून ठेवले आहेत. कोणी वाचता वाचता लावून बघितलाच, तर कोणाची झोपमोड होणार नाही.)

हा कोड २२ एप्रिल २००० पासून पूर्णपणे लागू आहे. तेव्हा जन्मलेली मुलं आता नोकरीला लागली, आणि आपल्या शहराचा कोड तीन अंकी आहे हे असंख्य लंडनकरांना आजही मान्य नाही. ‘आतल्या लंडनचा ०२०७, बाहेरच्या लंडनचा ०२०८’ हे सुशिक्षित माणसंही ठामपणे सांगतात. जाहिराती, पत्रकं, सरकारी यंत्रणेकडून माहिती, सगळं होऊनही हे असं का झालं, हा या प्रकरणाचा विषय. माझं मत आधीच सांगतो. लोक अडाणी नव्हते. बदल ज्या पद्धतीने केला गेला, त्या पद्धतीनेच त्यांना चुकीचं शिकवलं. पुढे चूक करणाऱ्याला फोन न लागण्याची शिक्षा व्हायची, तीही बंद झाली, आणि चूक कायमची राहिली.

व्हाइटहॉल १२१२

एकच नंबर धरून ही गोष्ट सांगता येते, आणि त्यासाठी लंडनच्या पोलीस मुख्यालयाइतका, म्हणजे स्कॉटलंड यार्डइतका सोयीचा नंबर दुसरा नाही. जुन्या काळी तो ‘व्हाइटहॉल १२१२’ असा होता. १९२७ मध्ये लंडनमध्ये स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झाली, तेव्हा प्रत्येक एक्स्चेंजला नाव होतं आणि फोनच्या तबकडीवर अंकांबरोबर इंग्रजी अक्षरं होती. एक्स्चेंजच्या नावाची पहिली तीन अक्षरं फिरवायची आणि मग चार अंक. व्हाइटहॉलचे डब्ल्यू, एच, आय म्हणजे तबकडीवर ९४४. विंबल्डनचे डब्ल्यू, आय, एम म्हणजे ९४६. तीन आणि चार मिळून सात अंक. लंडनकरांच्या डोक्यात शहराचा नंबर सात अंकी असतो हे तेव्हापासून पक्कं बसलं.

५ डिसेंबर १९५८ रोजी राणी एलिझाबेथ यांनी ब्रिस्टलहून एडिंबराला ऑपरेटरच्या मदतीशिवाय थेट फोन लावला आणि ब्रिटनमध्ये एसटीडी सुरू झालं. (आपल्याकडे पहिली एसटीडी सेवा १९६० मध्ये लखनौ-कानपूर मार्गावर आली.) प्रत्येक शहराला कोड मिळाला. लंडन सगळ्यांत मोठं, म्हणून त्याला सगळ्यांत छोटा: ०१. पुढे अक्षरं गेली, सगळे अंकच आले, आणि स्कॉटलंड यार्डचा नंबर झाला ०१-२३० १२१२. शेवटचे १२१२ मुद्दाम जपले गेले.

ही घडी बरीच वर्षं बसली होती. ०१ म्हणजे लंडन, पुढे सात अंक. यात गोंधळायला जागाच नव्हती.

दहा वर्षांत तीन बदल

१९८० च्या दशकात ती घडी विस्कटली. ब्रिटिश टेलिकॉमचं खासगीकरण झालं, मर्क्युरीसारखी स्पर्धक कंपनी आली, कार्यालयांत फॅक्स मशिनं बसली, पेजर आले, एका टेबलाला एक लाइन द्यायची पद्धत आली. सात अंकी नंबर ० किंवा १ ने सुरू करता येत नाहीत. म्हणजे कागदावर ८० लाख नंबर, आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी, कारण एक्स्चेंजवार वाटप करताना गट अर्धवट भरलेले राहतातच.

पहिला उपाय ६ मे १९९० रोजी झाला. लंडनचे दोन तुकडे केले. चेरिंग क्रॉसच्या आसपासचा आतला भाग ०७१ आणि भोवतालचा बाहेरचा भाग ०८१. सात अंक तेच राहिले. स्कॉटलंड यार्ड ०७१-२३० १२१२ झालं आणि विंबल्डनचे ९४६ वाले नंबर ०८१ मध्ये गेले. आपल्याच भागात फोन करताना कोड नको, पण पलीकडच्या भागात करताना तो लावायचा. रातोरात शहराच्या मध्यातून एक अदृश्य सीमा गेली, आणि लंडन हे शहर असं आहे की सीमा दिसली रे दिसली की तिला प्रतिष्ठा चिकटते. ०७१ म्हणजे खरं लंडन, ०८१ म्हणजे उपनगर. दादर पूर्व आणि दादर पश्चिम यांवर वाद घालणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. व्यवसायांना ०७१ हवा असायचा. या मानापमानाचा पुढे मोठा परिणाम झाला, कारण त्या पाच-दहा वर्षांत ७ आणि ८ हे अंक लोकांच्या मनात भूगोलाला बांधले गेले.

दुसरा बदल १६ एप्रिल १९९५, ईस्टरचा रविवार. साऱ्या ब्रिटनमध्ये कोडमधल्या शून्यानंतर एक १ घुसवला. ०७१ चा ०१७१ झाला, ०८१ चा ०१८१. याने लंडनला एकही जादा नंबर मिळाला नाही. उद्देश वेगळा होता: सगळे स्थानिक कोड ०१ च्या खाली आणायचे, म्हणजे ०२ पासूनचा पट्टा रिकामा होईल आणि पुढच्या वाढीला वापरता येईल. नियोजक म्हणून विचार केला तर हे शहाणपणाचं होतं. पण दुकानदाराने पाच वर्षांत दुसऱ्यांदा पाटी रंगवली, दुसऱ्यांदा लेटरहेड छापले, आणि त्याला बदल्यात काहीच मिळालं नाही. त्याच दिवशी लीड्स, शेफील्ड, नॉटिंगहॅम, लेस्टर आणि ब्रिस्टल या पाच शहरांना पूर्ण नवे कोड मिळाले आणि परदेशी फोनसाठीचं ०१० जाऊन ०० आलं.

तिसरा बदल २२ एप्रिल २००० रोजी. पुन्हा ईस्टरचाच शनिवार-रविवार. सुट्टीत फोन कमी होतात, एक्स्चेंजवर ताण नसतो. या वेळी लंडन पुन्हा एक झालं. साऱ्या शहराला एकच कोड, ०२०, आणि सात ऐवजी आठ अंकी नंबर. जुन्या ०१७१ वाल्या नंबरांच्या पुढे ७ लागला, ०१८१ वाल्यांच्या पुढे ८. स्कॉटलंड यार्ड: ०२० ७२३० १२१२. आठ अंकांमुळे कागदावर आठ कोटी नंबरांची जागा झाली. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला कोड न लावता फोन करता येऊ लागला, जे १९९० पासून शक्य नव्हतं. तिन्ही बदलांत खरा फायद्याचा बदल हाच, आणि लोकांना नेमका तोच कळला नाही.

अकरा महिने

का कळला नाही? दोन्ही नंबर एकाखाली एक लिहून बघा.

०१७१ २३० १२१२
०२० ७२३० १२१२

दोन्ही अकरा अंकी. शेवटचे सात अंक तसेच. बदललं काय, तर पहिले चार: ०१७१ च्या जागी ०२०७. नजरेला एवढंच दिसतं, आणि नजर खोटं बोलत नाही. खरा बदल ‘मोकळी जागा कुठे’ या प्रश्नात लपला आहे. चौथा अंक आधी कोडच्या बाजूला होता, आता नंबराच्या बाजूला आला. ज्याने दहा वर्षांत दोनदा ‘जुना कोड काढा, नवा लावा’ एवढंच केलं होतं, त्याने तिसऱ्यांदाही तेच केलं. ०१ चा ०७१, ०७१ चा ०१७१, ०१७१ चा ०२०७. ही साखळी इतकी तर्कशुद्ध वाटते की ती चुकीची आहे हेच कोणाला सुचू नये.

बदल समजावून सांगण्याची सोपी रीतही हीच होती: ०१७१ ऐवजी ०२० ७, आणि ०१८१ ऐवजी ०२० ८. छापताना ०२० आणि ७ यांत जागा सोडलेली असते. पण रेडिओवर, दुकानात, फोनवर तोंडी सांगताना ती जागा ऐकू येत नाही. ‘शून्य दोन शून्य सात’ एका दमात म्हटलं की झाला चार अंकी कोड.

एवढ्यावर भागलं असतं तरी लोक पुढे शिकले असते, कारण रोजचा वापर हा चांगला मास्तर असतो. पण इथे वापरानेच उलट शिकवलं. नवा कोड १ जून १९९९ पासून चालू झाला होता आणि जुना त्याच्या जोडीने चालत होता. पाट्या बदलायला, छपाई संपवायला लोकांना वेळ मिळावा हा हेतू. पण या जवळजवळ अकरा महिन्यांत कोड न लावता करायचे स्थानिक फोन जुन्याच सात अंकांवर चालत होते. आठ अंकी स्थानिक नंबर २२ एप्रिलपर्यंत लागतच नव्हता. म्हणजे त्या काळात मध्य लंडनमधल्या माणसासमोर दोनच रस्ते होते: शेजारच्या कार्यालयाला नेहमीप्रमाणे २३० १२१२ लावायचा, किंवा सगळा नंबर ०२० ७२३० १२१२ असा लावायचा. या दोन अनुभवांची वजाबाकी करा. उरतो ०२०७. अकरा महिने लंडनच्या प्रत्येक फोनने आपल्या मालकाला हेच सांगितलं, की कोड ०२०७ आहे आणि नंबर सात अंकी आहे.

मग एका रात्रीत नियम फिरला. आता सात अंकी नंबर लावला की फोन न लागता ध्वनिमुद्रित सूचना ऐकू यायची. माणूस काय करणार? त्याने ‘आता कोड लावल्याशिवाय फोन लागत नाही वाटतं’ असा अर्थ काढला आणि ०२०७ लावून मोकळा झाला. फोन लागला. आठ अंकांचा शोध घ्यायची त्याला गरजच पडली नाही.

दोन नंबरपद्धती एकत्र चालवण्याला माझा आक्षेप नाही. त्याशिवाय इतक्या मोठ्या शहराचा कारभार ठप्प झाला असता. तांत्रिक अडचणही खरी होती. आठ अंकी ७२३० १२१२ लावताना पहिले सात अंक ७२३ ०१२१ हा कोणाचा तरी जुना नंबर असू शकतो, तेव्हा दोन्ही पद्धती एकाच वेळी स्थानिक पातळीवर चालवणं शक्य नव्हतं. पण ही अडचण आधीपासून दिसत होती. म्हणजे प्रचाराचा सगळा जोर कोडवर न देता ‘तुमचा नंबर आता आठ अंकी आहे’ या एका वाक्यावर द्यायला हवा होता, आणि तोही २२ एप्रिलच्या आधी जेवढा तेवढाच नंतर. शिवाय त्याच सुमारास मोबाइल नंबर ०७ खाली सरकत होते, कार्डिफ, कॉव्हेंट्री, साउथॅम्प्टन, पोर्ट्समथ आणि उत्तर आयर्लंड यांचेही कोड बदलत होते. एका गदारोळात एक बारीक गोष्ट बुडाली.

हा लंडनच्या अहंकाराचा प्रश्न होता असं म्हणून हात झटकणारे बरेच भेटतात. ७ म्हणजे आतला आणि ८ म्हणजे बाहेरचा हा जुना मानपान या गैरसमजाला खतपाणी घालत होता, यात शंका नाही. पण तेवढंच कारण असतं तर बाकीच्या शहरांत चूक दिसली नसती. कार्डिफचा कोड ०१२२२ होता आणि नंबर सहा अंकी. तो ०२९ झाला आणि नंबरापुढे २० लागले. लोक लिहितात ०२९२०. साउथॅम्प्टनचा ०२३ आणि पुढे ८०, लिहितात ०२३८०. लीड्सचा १९९५ पासून ०११३ आणि पुढे २, लिहितात ०११३२. ब्रिस्टलचा ०११७ आणि पुढे ९, लिहितात ०११७९. तिथे कसली आतली-बाहेरची प्रतिष्ठा? जिथे कोड आणि नंबर एकाच दिवशी बदलले आणि एखादा अंक सीमेच्या अलीकडून पलीकडे गेला, तिथे सगळीकडे हेच झालं.

मग ०२०३ आला

२००५ मध्ये लंडनला ३ ने सुरू होणारे नंबर मिळायला लागले: ०२० ३ आणि पुढे सात अंक. हे व्हायचंच होतं, आठ अंकांचा तोच तर फायदा. या नंबरांना भूगोल नव्हता. शहरात कुठेही मिळत. ज्यांच्या डोक्यात ०२०७ आणि ०२०८ होते त्यांना वाटलं, लंडनला तिसरा कोड आला. ‘हा ०२०३ कुठला? खरा लंडनचाच ना?’ असे प्रश्न येऊ लागले, आणि नवीन धंदा सुरू करणाऱ्याला ३ वाला नंबर बनावट वाटेल की काय याची धास्ती. २०१९ मध्ये ४ वाले नंबर आले आणि तेच पुन्हा झालं. ७ आणि ८ वाले नंबरही तोवर भूगोलापासून सुटले होते. नवा ०२० ७ नंबर बाहेरच्या लंडनमध्येही मिळू शकतो. तरीही नंबरावरून माणसाचा पत्ता ओळखायची सवय गेलेली नाही.

इथे एक गंमत आहे, तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. १९९५ पूर्वी ०२०७, ०२०८, ०२०३ आणि ०२०४ हे चारही खरोखरचे कोड होते, फक्त लंडनचे नव्हते. ०२०७ हा डरहॅम परगण्यातल्या कॉन्सेटचा, ०२०८ कॉर्नवॉलमधल्या बॉडमिनचा, ०२०३ कॉव्हेंट्रीचा आणि ०२०४ बोल्टनचा. १९९५ मध्ये त्यांत १ घुसला आणि ते ०१२०७, ०१२०८, ०१२०३, ०१२०४ झाले. त्यामुळेच ०२० मोकळा झाला आणि पाच वर्षांनी लंडनला देता आला. म्हणजे आपला कोड ०२०७ आहे असं छातीठोकपणे सांगणारा लंडनकर जुन्या हिशेबाने एका पोलादनगरीचा पत्ता सांगत असतो.

२००३ च्या शेवटी ऑफटेल जाऊन ऑफकॉम हा नवा नियामक आला. त्याच्या पाहणीतही बहुतेक लंडनकरांना स्वतःच्या शहराचा कोड बरोबर सांगता आला नाही. पण तोपर्यंत दुरुस्त करणार कोण आणि कशासाठी? लोक मोबाइलवर आले होते. मोबाइलवरून अकराच्या अकरा अंक लावावेच लागतात; मग मोकळी जागा तिसऱ्या अंकानंतर की चौथ्या, फोनला काय त्याचं? फोन लागतो. चूक केली तर अडावं लागायचं ती एकमेव जागा म्हणजे घरातला लँडलाइन. तिथेही आता फोन इंटरनेटच्या तारेवरून चालू लागले आहेत आणि अशा लाइनवरून स्थानिक फोनलाही बहुधा कोडसह सगळा नंबर लावावा लागतो. जुनं तांब्याच्या तारांचं जाळं बंद करण्यासाठी ब्रिटनने जानेवारी २०२७ ची मुदत ठेवली आहे. बोर्नमथमध्ये तर १ नोव्हेंबर २०१२ पासूनच कोड न लावता स्थानिक फोन करणं बंद झालं, कारण नंबर संपत आले होते आणि ० किंवा १ ने सुरू होणारे नंबरही वाटायची वेळ आली होती. दोन वर्षांनी ब्रायटन, ब्रॅडफर्ड, मिल्टन कीन्स, मिडल्सब्रो आणि ॲबर्डीन त्याच वाटेने गेली.

म्हणून आज कोणी ०२०७ लिहिलं तर कोणाचं काही बिघडत नाही, हे कबूल. तरी कोड तीन अंकी आहे हे माहीत असलेला माणूस ०२० ४ वाल्या नंबराकडे संशयाने बघत नाही, आणि फसव्या फोनच्या या दिवसांत खरा नंबर आणि खोटा नंबर यांतला फरक ओळखायला असल्या बारीक गोष्टी उपयोगी पडतात.

टोकियोने काय केलं

हा घोळ टाळता आला असता का? दोन शहरांनी त्याच सुमारास टाळला होता. पॅरिसने ऑक्टोबर १९८५ मध्ये शहरातल्या सात अंकी नंबरांपुढे ४ लावून ते आठ अंकी केले. टोकियोने १ जानेवारी १९९१ रोजी सात अंकी नंबरांपुढे ३ लावला. कोड ०३ होता तो ०३ च राहिला. नंबर लांबला, कोड जागच्या जागी. त्यामुळे नवा अंक कोणत्या बाजूचा, हा प्रश्नच उद्भवला नाही.

मुंबईकरांनी हेच अनुभवलं आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सरकारी लँडलाइनच्या सात अंकी नंबरापुढे २ लागला. ०२२ तसाच राहिला. घरच्या घरी फोन करताना तो २ लावावा लागायचा, नाहीतर फोन लागायचा नाही, म्हणून तो नंबराचाच भाग हे आठवड्याभरात डोक्यात बसलं. ‘मुंबईचा कोड ०२२२’ असं लिहिलेली पाटी माझ्या तरी पाहण्यात नाही.

लंडनलाही १९९० मध्ये ०१ तसाच ठेवून सात अंकांपुढे एक अंक लावता आला असता का? कागदावर तरी बसतं: ०१ नंतर आठ अंक धरले तरी एकूण लांबी बाकीच्या ब्रिटिश नंबरांएवढीच होते. त्या काळची सगळी एक्स्चेंज ते पेलू शकली असती का हा वेगळा प्रश्न, आणि सारा देश ०१ खाली आणायचा बेत असेल तर ०१ लंडनला कायमचा देऊन चालणार नव्हतं. पण फोडून तुकडे करणं आणि दहा वर्षांनी तेच पुन्हा जोडणं, यात लोकांच्या पाट्यांचा खर्च तिप्पट झाला आणि शेवटी कोडही कळला नाही, हा हिशेब नियोजकांच्या बाजूचा नाही.

कंसातला शून्य आणि पुणे

भारतातून लंडनला फोन करणाऱ्यांना ०२० आणि ०२०७ चा वाद कधी जाणवला नाही, कारण बाहेरून लावताना सगळे अंक ओळीने येतात. त्यांची डोकेदुखी वेगळी होती. पीसीओच्या काळात मुलगा किंवा बहीण लंडनला असलेल्या घरच्या डायरीत एकच नंबर आधी ४४-१, मग ४४-७१, मग ४४-१७१, मग ४४-२०-७ असा खोडून खोडून लिहिलेला असायचा. आणि मग तो कंसातला शून्य. ब्रिटिश कार्यालयांना नंबर +४४ (०)२० ७९४६ ०१२३ असा छापायची खोड आहे. हेतू चांगला: देशात असाल तर शून्य लावा, बाहेरून असाल तर सोडा. पण वाचणाऱ्याने नेमकं काय करायचं हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून तो ००४४०२० लावतो आणि फोन लागत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत अधिक चिन्हाने सुरू होणाऱ्या नंबरात हा कंस घालू नये असंच म्हटलं आहे. इटलीने वेगळाच पेच घातला आहे: तिथल्या लँडलाइनचा शून्य बाहेरून लावतानाही ठेवावा लागतो, रोमचा नंबर +३९ ०६ असाच लावायचा. तेव्हा ‘देशाच्या कोडनंतरचा शून्य नेहमी काढा’ हा नियमही सगळीकडे चालत नाही.

शून्याचा गोंधळ आपल्याकडेही ताजा आहे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणं सक्तीचं झालं. नव्या नंबरांसाठी जागा करणं हा हेतू. मोबाइलवरून मोबाइलला काहीच बदललं नव्हतं. तरी पुढे कितीतरी दिवस ‘आता सगळ्यांना शून्य लावायचा’ असे निरोप फिरत होते.

आणि योगायोग असा, की पुण्याचा कोडही ०२० आहे. आधी तो ०२१२ होता. लंडनसारखाच तीन अंकी कोड, लंडनसारखेच आठ अंकी नंबर. पुणेकर तो बरोबर तिसऱ्या अंकानंतर तोडतो. पुण्यात ७ आणि ८ वर कोणाचं प्रेम नव्हतं. नंबर लांबले तेही टप्प्याटप्प्याने, आणि घरच्या फोनवरून स्थानिक नंबर कोडशिवाय लागत राहिला.

पण दोन्ही शहरांत घरं असलेल्यांसाठी हा योगायोग त्रासाचा आहे. मोबाइलमध्ये पुण्याच्या घरचा नंबर ०२० २५ असा सुरू होणारा, देशाच्या कोडशिवाय साठवलेला असेल आणि लंडनला उतरून तिथलं सिमकार्ड टाकलं, तर फोन तो लंडनचाच नंबर समजतो. उलट लंडनच्या भाच्याचा ०२० ८ वाला नंबर पुण्यातून तसाच लावला, तर तो पुण्याच्या एक्स्चेंजमध्ये शोधला जातो. एकाला +९१ २० आणि दुसऱ्याला +४४ २० असं लिहून साठवलं, की दोन्हीकडून दोन्ही लागतात. दोन्हींतला शून्य मात्र आधी काढून टाकायचा.